चुकून आलेली बाई

माझी थोरली बहीण दात बनवते. हे सांगितलं की लोक तिला आधी डॉक्टर समजतात. मग मी म्हणतो, "डॉक्टर नव्हे, कवळ्या बनवते," तेव्हा समोरचा माणूस नकळत आपल्याच दातांवरून जीभ फिरवतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, ते ताईच्या टेबलावर येतं. ती त्यात प्लास्टर ओतून साचा काढते, साच्यावर मेणाच्या हिरड्या चढवते आणि त्यात एकेक दात रोवते. सुळा जरासा तिरका लावायचा, पुढचे दोन दात अगदी एकसारखे करायचे नाहीत, नाहीतर माणूस हसला की दुकानातला पुतळा हसल्यासारखा दिसतो, असं तिचं म्हणणं. पंचवीस वर्षं तिनं हेच काम केलं आणि पंचवीस वर्षं ती कामावर सायकलनंच गेली.

सायकल ही तोवर नुसती सवय होती. वेड लागलं ते पंचेचाळिशीत. तिच्या लॅबच्या इमारतीतली एक शिवणकाम करणारी बाई आणि बँकेतल्या दोघी यांनी रविवारी सकाळी सायकलवर लांब जायचं काढलं. बघता बघता नऊ जणी झाल्या. एकीची चेन पडली की नऊही जणी थांबायच्या आणि नऊही जणी सल्ले द्यायच्या. ताई घरी यायची ती घामानं निथळत आणि गप्पांनी तुडुंब. दाजी म्हणायचे, "पाय चालवून येते का तोंड, काही कळत नाही."

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिला परदेशातल्या एका लॅबमधून बोलावणं आलं. तिथली तरुण मंडळी कॉम्प्युटरवर दात काढायला शिकली होती. हातानं मेण लावणारं कुणी उरलं नव्हतं. तीन वर्षांचा करार. दाजींना स्टेशनरीचं दुकान सोडवेना, भाची कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. ताई एकटीच निघाली. आई म्हणाली, "तिथल्या लोकांचे स्वतःचे दात संपले का?" पण डोळे पुसत म्हणाली.

ताईची खोली एका लाँड्रीच्या वर होती. खालची यंत्रं चालू असली की फरशी कोमट लागायची, त्यामुळे ती घरात चपला घालत नसे. खिडकीतून गाड्या लावायचं मैदान दिसायचं. सहा महिन्यांचा वर्ग करून ती तिथली भाषा शिकली होती, पण ती पुस्तकातली. "मी बोलते ते त्यांना कळतं," ती मला फोनवर म्हणायची, "पण ते बोलतात ते मला नंतर कळतं. घरी आल्यावर." लॅबमध्ये सात माणसं. तिच्या शेजारच्या टेबलावर साचे ओतणारा एक प्रौढ गृहस्थ, त्याला आम्ही घरी प्लास्टरवाला म्हणायचो. तो सकाळी "सुप्रभात" म्हणायचा आणि संध्याकाळी "उद्या भेटू." मधल्या आठ तासांत फक्त ग्राइंडर बोलायचा.

आठवडा कसाबसा जायचा. रविवार मात्र अंगावर यायचा. लाँड्री बंद, फरशी गार, आणि फोनवर बोलायला आम्ही तरी किती बोलणार?

म्हणून तिसऱ्या महिन्यात ती सायकलच्या दुकानात गेली. दुकानदार किडकिडीत, बोटं वंगणानं काळी, आणि त्या दिवशी जरा हरवल्यासारखाच होता म्हणे. त्यानं तिला पुढे टोपली असलेली एक जुनी हिरवी सायकल दाखवली. ती तिनं घेतली आणि विचारलं, "इथे रविवारी सगळे मिळून सायकलवर जातात का?"

"कोणते सगळे?"

"म्हणजे माणसं."

"कोणत्या वेगाची?"

ताईला प्रश्नच कळला नाही. माणसांना वेग असतो हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं. तिनं आणखी एकदा, सावकाश विचारलं, "हळू जाणारे, गप्पा मारणारे, असे कुणी नाहीत का?" दुकानदारानं तोंड उघडलं, मिटलं, पाना एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकला आणि दाराबाहेरच्या फळ्याकडे बोट दाखवून आत निघून गेला.

फळ्यावर कागदच कागद. अ गट, ब गट, क गट, त्यापुढे आकडे. क गटाच्या कागदावर लिहिलं होतं: "शांतपणे. कुणालाही मागे सोडत नाही." ताईला वाटलं, हे आपलं.

रविवारी ती कागदावर लिहिलेल्या कारंज्यापाशी गेली तर तिथे अकरा माणसं, अंगावर रंग ओतल्यासारखे घट्ट कपडे आणि बोटाएवढ्या जाडीची चाकं. सगळ्यांनी तिच्या टोपलीकडे पाहिलं, पण सभ्यपणे. त्यांच्या म्होरक्यानं विचारलं, "तुम्ही नक्की क गटातच ना?"

"हो हो. शांतपणे."

तिसऱ्या सिग्नलला ते दिसेनासे झाले. कागदावरचा शब्द मात्र त्यांनी पाळला. दर थोड्या वेळानं एक जण मागे यायचा, तिच्याभोवती घिरटी घालून "ठीक ना?" विचारायचा आणि पुन्हा बाणासारखा सुटायचा. चौथ्या वेळी ताईनं गुडघा दुखतोय असं खोटंच सांगून त्याची सुटका केली. संध्याकाळी मला म्हणाली, "शांतपणे म्हणजे ते त्या वेगातही एकमेकांशी शांतपणे बोलू शकत होते, एवढाच अर्थ निघाला."

मग भाचीच्या सांगण्यावरून तिनं फोनवर एक ॲप घेतलं. त्यात गावातल्या सायकलवाल्यांचा गट होता, चारशे बारा माणसांचा. ताईनं लिहिलं, "नमस्कार. या रविवारी कोण कोण निघणार?" उत्तर म्हणून एकोणीस अंगठे आले. शब्द एकही नाही. "अंगठा म्हणजे येणार, की नुसतंच छान?" तिनं मला विचारलं. मला काय कळणार? मी चित्रकलेचा मास्तर. म्हटलं, एकोणिसातले चार तरी येतील. कुणीही आलं नाही. कुठे यायचं हेच तिनं लिहिलं नव्हतं, हे आम्हा दोघांच्याही नंतर लक्षात आलं.

त्याच्या पुढच्या रविवारी, फळ्यावरच्या एका कागदाप्रमाणे, नदीकाठी नऊ वाजता कुटुंबासह फेरी होती. ताई मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे पाच मिनिटं आधी हजर. पाऊण तास थांबली. बदकं सोडून कुणी आलं नाही. ती घरी परतली आणि मला फोन करून म्हणाली, "मला वाटतं, मी येणार हे यांना आधी कळतं." दुसऱ्या दिवशी प्लास्टरवाल्यानं तिच्या घड्याळाकडे बघून भुवया उंचावल्या. शनिवारी रात्रीच सगळ्या देशानं आपली घड्याळं तासभर मागे घेतली होती.

"मागे घेतली म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे मी गेले तेव्हा नऊ वाजले होते, पण अजून वाजायचे होते."

"पण का?"

"ते त्यानं टेबलावरच्या भुकटीत चित्र काढून समजावलं रे. काटा कळला. कारण नाही कळलं."

थंडी वाढत चालली. एका शनिवारी ती दुकानावरून जात होती. दुकान बंद होतं, पण फळ्यावर हातानं लिहिलेला एक नवा कागद होता. तिनं त्याचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली स्वतःच केलेलं भाषांतर लिहिलं: "रविवारी सकाळी दहा. जुन्या पाण्याच्या टाकीपाशी. कॅप्टनसोबत शेवटची फेरी. हळू जाणार. कुठलीही सायकल चालेल. सगळ्यांनी या."

"कॅप्टन म्हणजे त्यांचा पुढारी असणार," ती म्हणाली, "आणि शेवटची म्हणजे थंडीच्या आधीची शेवटची. आता एकदम उन्हाळ्यातच निघत असतील."

मीही फोटोतला मजकूर फोनमधल्या भाषांतराच्या सोयीतून काढून बघितला. शब्द तेच आले. "बरोबर आहे," मी म्हणालो, "जा बिनधास्त." त्यामुळे पुढे जे झालं त्यातला निम्मा दोष माझा.

त्या रविवारी ताई घड्याळ दोनदा तपासून निघाली. अंगात पिवळंधमक जाकीट, आनंदाच्या दिवसासाठी राखून ठेवलेलं. टाकीपाशी पोचली तर साठ-सत्तर माणसं! म्हातारी, तरुण, मागे लहान मुलांच्या खुर्च्या लावलेल्या सायकली, गणवेशातली एक टपालवाली बाई, तीन चाकांच्या सायकलीवर बसलेले एक आजोबा. कुणाचेही कपडे घट्ट नव्हते. सगळे करड्या-काळ्या रंगात होते, पण ताईला वाटलं, थंड मुलखात असेच रंग घालत असतील. तिचा जीव भांड्यात पडला. ती मोठ्यानं "सुप्रभात!" म्हणाली. बऱ्याच माना वळल्या आणि हळूच हलल्या.

एक मुलगी प्रत्येकाच्या हँडलला निळ्या कापडाची पट्टी बांधत होती. तिनं ताईच्याही हँडलला बांधली. "किती छान," ताई म्हणाली. इतक्यात तिच्याच वयाची एक उंच बाई समोर आली, क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहत राहिली आणि तिला गच्च मिठी मारली. त्या देशात आल्यापासून ताईला कुणी हातही लावला नव्हता.

"मी पहिल्यांदाच आलेय," ती म्हणाली.

"आम्हा सगळ्यांचीच पहिली वेळ आहे," ती उंच बाई म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

हे काही ताईला कळलं नाही. पहिली म्हणायचं का शेवटची? तिनं तीनचाकीवाल्या आजोबांना विचारलं, "कॅप्टन कुठे आहेत?"

आजोबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग रस्त्याकडे हात केला. "पुढे गेला," ते म्हणाले आणि रुमालानं नाक पुसलं.

ताईला वाटलं, बरोबर आहे, पुढाऱ्यानं पुढेच जायचं. आजोबांना सर्दी झालेली दिसते.

निघाले सगळे. खरोखरच हळू, चालणाऱ्या माणसापेक्षा जरासंच जास्त. पण कुणी बोलेना. ताईनं शेजारच्या टपालवाल्या बाईला म्हटलं, "थंडी आहे, नाही?" तिनं ओठांवर बोट ठेवलं, रागानं नव्हे, मायेनं. ताई गप्प झाली. तिला वाटलं, या गटाचा मौनाचा नियम असेल. कागदावर लिहिला नव्हता, पण कागदावर काय काय लिहिलेलं नसतं हे तिला आता ठाऊक झालं होतं. साठ सायकलींच्या चाकांचा तेवढा सूं सूं आवाज. रस्त्याकडेची माणसं थांबून बघत होती. एकानं टोपी काढली. ताईनं त्याला हात हलवला.

असं वीसेक मिनिटं चाललं. मग एक चौक आला आणि ताईच्या अंगठ्यानं आयुष्यभराची सवय पाळली. चौक आला की घंटी. ट्रिंग ट्रिंग.

पुढचे सगळे चेहरे एकदम मागे वळले.

"जमीन दुभंगली असती तर सायकलसकट आत गेले असते," ताई मला म्हणाली. तिनं हँडलवरची बोटं चटका बसल्यासारखी उचलली. काय चुकलं ते कळत नव्हतं, पण काहीतरी मोठं चुकलंय एवढं कळत होतं. आणि मग तीनचाकीवाल्या आजोबांनी आपली घंटी वाजवली. एकदाच. मग टपालवाल्या बाईनं. मग मागच्या कुणी. मग सगळ्यांनीच. साठ घंट्या एकदम, चौकभर, मिनिटभर तरी. सगळ्यात पुढे असलेली ती उंच बाई सायकलवरून उतरून दोन्ही हातांनी हँडल धरून उभी राहिली. तिची पाठ हलत होती. ती हसतेय का रडतेय हे ताईला मागून दिसत नव्हतं.

चौकाच्या पलीकडे सगळे थांबले. तिथे विजेच्या खांबाशी फुलांचा ढीग होता, काचेच्या भांड्यांत मेणबत्त्या होत्या आणि खांबाला एक फोटो बांधलेला होता. करड्या मिशांचा, पन्नाशीतला एक माणूस, अंगात कामावरचा निळा शर्ट, हातात हवा भरायचा पंप. फोटोखाली नाव, त्याखाली "आमचा कॅप्टन" आणि त्याखाली दोन तारखा, मध्ये एक छोटी आडवी रेघ. ती रेघ वाचायला कुठलीही भाषा शिकावी लागत नाही.

आपलं पिवळं जाकीट, आपलं "सुप्रभात", टोपी काढणाऱ्याला केलेला हात, सगळं एकामागून एक डोळ्यांसमोर आलं. तिनं हळूच मागे सरकायचं ठरवलं. पण सायकली एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि तिचं हँडल टपालवाल्या बाईच्या हँडलमध्ये अडकलं होतं. ती ते सोडवायला गेली तसं तिकडून आणखी अडकलं.

लोकांनी गोल केला. एकेक जण दोन वाक्यं बोलू लागला. कॅप्टन कशाचाच कप्तान नव्हता. लिफ्ट दुरुस्त करायचा. महिनाभरापूर्वी याच वळणावर एका ट्रकनं त्याला उडवलं होतं. एक म्हातारी म्हणाली, आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की तो माझी पिशवी पाच मजले वर आणून द्यायचा आणि मगच लिफ्टला हात लावायचा. एक तरुण म्हणाला, मला पंक्चर काढायला त्यानं शिकवलं, चार वेळा, कारण मी लक्षच देत नव्हतो. असं करत पाळी ताईपाशी आली.

सगळे तिच्याकडे बघत होते. "कुठलंही एक वाक्य बोलून सुटता आलं असतं," ती मला म्हणाली. "चांगला माणूस होता, एवढं म्हटलं असतं तरी खोटं ठरलं नसतं. पण त्या बाईनं मला मिठी मारली होती रे."

ती म्हणाली, "माफ करा. मी यांना ओळखत नाही. मी सायकलवर सोबत जायला माणसं शोधत होते. कागद वाचला. मला अर्थ नीट कळला नाही. मी चुकून आले."

एक जाड मानेचा माणूस, कॅप्टनचा धाकटा भाऊ हे तिला नंतर कळलं, तिच्याकडे बघत म्हणाला, "आणि ती घंटी?"

"तीही चुकून."

तो तोंड फिरवून गोलाबाहेर गेला. पण ती उंच बाई पुढे आली. ती कॅप्टनची बायको होती. तिनं ताईचे दोन्ही हात धरले. "म्हणजे आपण खरंच कधी भेटलो नव्हतो?"

"नाही."

"देवा!" ती म्हणाली. "सकाळपासून मी आठवतेय की ही कोण, ही कोण. महिनाभर माझ्या काही लक्षात राहत नाहीये. चहा करते आणि ओतायचा विसरते. मला वाटलं, आता माणसंही विसरायला लागले." आणि ती हसली. हसताना रडली. टपालवाली बाईही रडू लागली, आणि तिला बघून ताईही. कुणासाठी रडतोय हे तिचं तिलाच सांगता येईना.

परत आल्यावर तिनं मला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तू निघून का नाही आलीस?" मी विचारलं.

"हँडल अडकलं होतं ना रे."

आईनं माझ्या हातातून फोन घेतला. सगळं पुन्हा ऐकलं आणि निकाल दिला, "मर्तिकाला चुकून गेलेलं चालतं. चुकून जायचं राहिलेलं चालत नाही. गरम पाण्यानं अंघोळ कर आणि झोप."

पण ताईला त्यानं स्वस्थता लाभली नाही. हँडलची निळी पट्टी सोडायची की राहू द्यायची, तिला ठरवता येईना. जवळून पाहिलं तर पट्टीच्या टोकाला बटणाचं काज होतं. कॅप्टनच्या कामावरच्या शर्टाचं कापड होतं ते. सोडावी तर अपमान, ठेवावी तर आपला हक्क कोणता? मंगळवारी तिनं एका कवळीत डावीकडचा सुळा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे बसवला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. प्लास्टरवाल्यानं ते बघितलं, काही न बोलता मेण गरम करून दिलं आणि ती दात उपटत असताना तिथेच उभा राहिला.

गुरुवारी ती हिय्या करून सायकलवाल्याकडे गेली. त्यानं तिला स्टूल दिलं.

"मी माफी मागायला आलेय," ती म्हणाली.

"माफी मी मागायला हवी," तो म्हणाला. "तुम्ही सायकल घ्यायला आलात तेव्हा विचारलंत, हळू जाणारे, गप्पा मारणारे कुणी आहेत का. होते ना. दर रविवारी दहाला, टाकीपाशी. बारा वर्षं. कॅप्टनच न्यायचा. फळ्यावर कागद कधी लावला नाही, कारण सगळ्यांना माहीतच होतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"त्याला जाऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. तुम्ही विचारलंत, आणि मला कळेना, आहेत म्हणू की होते म्हणू. अजून कळत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातली गत. पण कळसा हाती लागला तेव्हा तो फुटलेला होता. ताई म्हणाली, "आता कोण नेतं?"

"कुणी नाही. म्हणजे, बंद झालं असंही कुणी म्हटलेलं नाही. कुणी काही ठरवलेलंच नाही."

या उत्तरानं तिचा गोंधळ कमी झाला नाही. पण रविवारी ती दहा वाजता टाकीपाशी गेली. गटात घुसायचं असं काही तिच्या मनात नव्हतं. कुणी नसेल तर तसं डोळ्यांनी बघून परत यायचं, एवढंच.

तीनचाकीवाले आजोबा होते. टपालवाली बाई होती, आज गणवेशाशिवाय. एक नवरा-बायको होते, जोडसायकलवर. चौघंही थोडं थोडं अंतर राखून उभी होती, बस चुकलेल्या माणसांसारखी. ताई आली तसे सगळे तिच्याकडे बघू लागले. तिला वाटलं, हिनं पुन्हा कशाला यावं असं त्यांच्या मनात असणार. त्यांना काय वाटत होतं ते तिला पुढे कित्येक दिवसांनी कळलं: फेऱ्या बंद झाल्याचा निरोप कुणीतरी हिच्या हाती पाठवलाय, असं त्यांना वाटत होतं.

दहा वाजून दहा मिनिटं. वीस मिनिटं.

"तो कुठल्या बाजूनं न्यायचा?" शेवटी टपालवाल्या बाईनं विचारलं.

"नदीकडून," आजोबा म्हणाले.

"छे, रेल्वेच्या पुलाखालून," नवरा म्हणाला.

"पूल पावसात. नदी थंडीत," बायको म्हणाली.

"आज थंडी आहे की पाऊस?"

दोन्ही होतं. बारा वर्षं त्याच्या पाठीकडे बघत सायकल चालवलेली माणसं ती. रस्ता बघायची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती. ताईच्या पायाची बोटं बधिर व्हायला लागली होती. उभं राहवेना म्हणून तिनं पॅडल मारलं, नुसतं दहा पावलं पुढे जाऊन वळून यावं म्हणून. मागून चाकांचा आवाज आला. वळून बघते तो सगळे तिच्या मागे रांगेनं.

"मला वाटलं, ते मागून सांगतील कुठे वळायचं," ताई म्हणाली. "आणि त्यांना वाटलं, इतक्या आत्मविश्वासानं निघालीय म्हणजे हिला माहीत असेल."

पाऊण तासानं ते सगळे एका गोदामाच्या बंद फाटकासमोर उभे होते. तीन बाजूंना भिंत. तीनचाकी अरुंद गल्लीत वळेना. ती मागून उचलून फिरवावी लागली, आजोबांसकट, कारण ते उतरायला तयार नव्हते. उचलताना टपालवाल्या बाईला हसू फुटलं, मग कुणालाच आवरेना. जोडसायकलवरची बायको डोळे पुसत म्हणाली, "बारा वर्षांत हे फाटक मी कधी पाहिलं नव्हतं." ती तक्रार होती की कौतुक, ताईला आजतागायत कळलेलं नाही.

याला आता दीड वर्ष झालं. दर रविवारी दहाला टाकीपाशी कधी पाच, कधी पंधरा माणसं जमतात आणि ताई पुढे असते. कुणी तिला नेमलेलं नाही, आणि तू मागे हो असंही कुणी म्हटलेलं नाही. त्या देशात जन्मलेल्या माणसांना त्यांच्याच गावात परक्या बाईनं वाट चुकवावी, हा काय न्याय, असं दाजी म्हणतात. ती त्या मंडळींना काय म्हणते, गट की ओळख की आणखी काही, हे मी विचारलं तर म्हणते, "काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही." मधूनच एखादा "तो असता तर इथून डावीकडे गेला असता" म्हणतो. मग सगळे डावीकडे जातात. कॅप्टनचा भाऊ कधी येत नाही. एकदा सिग्नलला भेटला तेव्हा त्यानं तिला ओळखल्यासारखी मान हलवली, किंवा कदाचित मान अवघडली असेल.

कॅप्टनची बायको पहिली थंडी सरल्यावर आली. नवरा होता तेव्हा ती कधीच फेरीला यायची नाही. तिला रविवारी उशिरापर्यंत झोपायला आवडायचं. आता झोप लागत नाही म्हणून आली. सायकल अजून डगमगत चालवते. ताई आणि ती सगळ्यात जास्त बोलतात, पण दोघींची भाषा वेगळी, आणि चालवताना वाऱ्यात निम्मे शब्द जातात. "तिनं परवा मला काहीतरी फार महत्त्वाचं सांगितलं," ताई म्हणाली. "तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मी दोनदा 'काय?' म्हटलं. तिसऱ्यांदा विचारायला संकोच वाटला, म्हणून हो म्हणून टाकलं. आता मी कशाला हो म्हटलंय, देव जाणे."

"मग विचार ना आता."

"विचारीन रे. पण ती माझ्या हो म्हणण्यानं इतकी खूश झाली होती..."

आई अधूनमधून विचारते, "म्हणजे तू आता त्यांची कॅप्टन का गं?" ताई कानांना हात लावते. "छे छे. मला रस्तेच ठाऊक नाहीत."

गेल्या रविवारी मी मुद्दाम त्या वेळेला फोन केला. तिनं उचलला. मागे पाणी वाहत होतं, वारा होता आणि चार-पाच माणसं एकदम वाद घालत होती.

"कुठे आहेस?" मी विचारलं.

"कालव्याच्या काठी. पण चुकीच्या बाजूला," ती ओरडून म्हणाली. "थांब जरा. आजोबा म्हणतात, इथे पूल असायला हवा होता. टपालवाली म्हणते, पूल कधी नव्हताच. मी नंतर करते फोन."

आणि तिनं फोन ठेवला.